अंगात देव येणे बंद झाल्याबाबत

विषय: वरीलप्रमाणे. संदर्भ: हेल्पर रखमाजी यांचा अर्ज.

हसू नका, तो अर्ज खरंच माझ्या टेबलावर आला होता. वाळूजच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. नामांतराच्या बंदमुळे एका दुपारी शिफ्टची बस आली नाही, म्हणून आमचे साहेब, रखमाजी आणि मी घरघरणाऱ्या नव्या कॉम्प्युटरच्या गार खोलीत बसलो. तिथं देवळात जाताना काढतात तशा चपला बाहेर काढाव्या लागत. साहेब रंगात येऊन म्हणाले, "रखमाजी, मन म्हणजे असंच हिशोब करणारं मशीन. आत दुसरं कुणी येत नाही, जात नाही."

रखमाजी कन्नड तालुक्यातला. दर जत्रेत त्याच्या अंगात बिरोबा यायचा आणि गाव त्याला प्रश्न विचारायचं.

जत्रा जवळ आली तसा त्याने अर्ज दिला: "डोळे मिटले की घरघर ऐकू येते. देव आला की मशीन, कळत नाही. साहेबांनी शब्द मागे घ्यावा."

साहेब म्हणाले, "खोटं कसं लिहून देऊ?"

"मग तुमचंच खरं आहे, असं द्या लिहून," मी म्हणालो.

त्यांनी पेन उघडलं. काचेपलीकडे मशीनचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी तिकडे पाहिलं. मग समोर उभ्या रखमाजीला हळूच म्हणाले, "रखमाजी, पूर्वी देव यायचा तेव्हा काय ऐकू यायचं?"

"घरघरच, साहेब. पण तवा कोन हाय, ते इचारायचं सुचलं नव्हतं."

साहेबांनी पेन मिटलं. त्या जत्रेत रखमाजी गर्दीच्या मागं उभा राहिला. पुढे साहेबांची बदली झाली, मी निवृत्त झालो. अर्ज अभिप्रायासाठी प्रलंबित आहे.