एकमेकांना न ओळखणारे दोघं

...म्हणून तुमाला सांगतो, सगळं चांगलं दिसाय लागलं की मला संशय येतो! अठ्ठावीस वर्षं एस.टी.त तिकिटं तपासली, उगं न्हाय. आमच्या पूनमला स्थळ आलं अजिंक्यचं. इचारलं, काय काम करतोस? तर म्हणतो कसा, "काका, हजारो माणसांच्या जाळ्यात तिघंही एकमेकांना ओळखतात अशी त्रिकुटं किती, हे मोजायला कॉम्प्युटरला किती वेळ लागंल, त्यावर माझा अभ्यास हाय." अन् ह्याचा पगार मिळतो! आता येनार की न्हाय संशय?

मग काढली चौकशी. माझी पद्धत पक्की हाय, पोराला ओळखणारी दोन माणसं गाठायची, पण ती एकमेकांना ओळखत नसली पायजेत. ओळखत असली तर फोनवर ठरवून सांगत्यात की! वैरागचे गुरुशांत म्हणाले, पोरगं लई गुणी. हितं सोलापुरात चादरीवाले महबूबभाई, "एक नंबर लडका है!" हळूच इचारलं, वैरागचे गुरुशांत माहीत हायत का? "अरे, अपनाच आदमी!" झालं... दोघंबी बाद! अक्कलकोटच्या मल्लव्वाबाई, "चलो हुडुग री, चांगला पोरगा!" त्या निघाल्या गुरुशांतच्या मावशी! हे काय जिल्हा हाय का एकच घर?

असं करत माणसं झाली चाळीस. अजिंक्यचा फोन, "काका, चाळीस माणसांत जोड्या होत्यात सातशे ऐंशी. माणसं दुप्पट केली तर जोड्या चौपट होतील. थांबा आता." चाळीसचा आकडा ह्याला कुणी सांगितला? आला संशय! तिकडं पूनम माझ्याशी बोलंना, ताट पुढं करून आत जायची. बायको वच्छला म्हणाली, "पोरगी तिशीला टेकली, तुमचं तपासणं उरकायचं कदी? हे स्थळ गेलं तर मी म्हायेरी जाईन!" घाबरलो वो मी.

अन् तेवढ्यात पोराकडचा निरोप. "लग्न पक्कं. आमीबी तुमच्याच पद्धतीनं चौकशी केली, एकमेकांना न ओळखणारे दोघं गाठले. दोघंबी एकच बोलले, पोरगी लाखात एक, बाप तेवढा संशयी."

दिला होकार. पद्धत माझीच की!

लग्न झालं झोकात, पूनम हसली, माझ्या गळ्यात पडून रडली, मीबी रडलो. पण ते दोघं कोण? लग्नाला साडेसहाशे पावणे, ते दोघं ह्यातच असनार. यादी घिऊन बसलो, तर जावई म्हणतो, "मामा, दोन लाखाच्या वर जोड्या. रोज शंभर तपासल्या तरी सहा वर्षं जातील."

जाऊ देत, रिटायरच हाय मी. आज तिसरा दिवस. बरं, तुमी दोघंबी यादीत हायच की, हां, तुमीच... एकमेकांना ओळखता का वो?