एक बोकड, एक पुतणी

सुशिलाबाई : अहो काका, त्याला आधी तिथून हलवा! उद्या ईस्टर, अन् माझ्या मोगऱ्याच्या सगळ्या कळ्या खाल्ल्या त्यानं. दवाखान्यात बोकड आणतं का कुणी?

केशोराव : सोडला तं पळते तो, नर्सबाई. जामाच्या झाडाले बांधला आहे तसाच राहू द्या. अन् दवाखान्यात नाही आणला मी, तुमच्या देवाले आणला. मले दोनच्या गाडीनं वापस जायचं आहे. रुख्मा कुठं आहे तेवढं सांगा. गोंदियाजवळच्या गोरेगावकडची रुख्मा. मी तिचा सख्खा काका, केशोराव.

सुशिलाबाई : ही काय, तुमच्या समोरच बसलीय. खाटेवर.

केशोराव : ही?

रुख्मा : ओळखलं नाही काकाजी?

केशोराव : अरे बाप्पा! मी समजलो कोणी म्हातारी... म्हणजे, उन्हातून आलो ना. डोळ्यापुढं अंधार आला.

रुख्मा : बसा. लोटा इथंच आहे, पाणी देते. बोटं वाकडी झाली, पण दोन मनगटांत धरला का उचलते मी.

केशोराव : नको नको. तहान नाही.

रुख्मा : चैताच्या उन्हात ठेसनापासून बोकड ओढत आले, अन् तहान नाही?

केशोराव : नाही लागली तं नाही लागली.

रुख्मा : लागली आहे. पण किरिस्तावाच्या हातची नाही लागली.

केशोराव : तुयी जीभ काही सुधरली नाही वो.

रुख्मा : सारे सांधे धरले काकाजी. जिभेचा तेवढा राहिला.

केशोराव : म्हणजे तू बरी नाही झाली?

रुख्मा : नाही.

केशोराव : अजिबात?

रुख्मा : तुम्ही सोडून गेले तेव्हा नुसते गुडघे धरले होते. मंग बोटं गेली. पावसाळ्यात मानही वळत नाही.

केशोराव : मी रस्ताभर समजून राहिलो का तू चालत येशील सामोर. तू बरी नाही झाली, तं मंग माया टेकचंद कसा बरा झाला?

रुख्मा : कोण टेकचंद?

केशोराव : खेमराजचा पोरगा. माया नातू.

रुख्मा : आपल्या खेमराजचं लगन झालं?

केशोराव : झालं ना. तुले निरोप धाडाचा होता. पण तेव्हा पाऊस लय होता.

रुख्मा : लगनात?

केशोराव : ते राहू दे. पोराचं ऐक. ताप चढला तो उतरेच ना. गोंदियाच्या डॉक्टरनं मान हलवली. गावातले देव झाले, बाहेरगावचे झाले, ज्याले जे लागते ते कबूल केलं. पोरगा डोळे फिरवून राहिला, सून ऊर बडवून राहिली. मी आपला भिंत धरून उभा. अन् तोंडातून निघून गेलं का, रुख्माच्या देवा, येशुबाबा, पोरगं वाचव, तुले बोकड देतो. पहाटे अंगाले घाम सुटला पोराच्या. सकाळी पेज मागितली त्यानं. आता बोल.

सुशिलाबाई : थांबा, थांबा. तुम्ही हा बोकड आमच्या देवळात कापायला आणलाय?

केशोराव : तं काय फिरायले आणला? गाडीत तिकिटवाल्यानं याचंही तिकीट मागितलं.

सुशिलाबाई : अरे देवा! पाद्रीसाहेब भोवळ येऊन पडतील.

रुख्मा : काकाजी, आमच्या इथं बोकड चालत नाही.

केशोराव : कोंबडा चालते? आधी सांगाचं ना मंग. सस्ता पडला असता.

रुख्मा : कोंबडा नाही, नारळ नाही. काहीच घेत नाही तो.

केशोराव : काहीच घेत नाही? मंग त्याचं चालते कसं?

रुख्मा : ते काम एकदाच होऊन गेलं. बोकडाच्या जागी तो सोताच उभा राहिला. कालच त्याच्या मरणाचा दिवस होता, उत्तम शुक्रवार.

केशोराव : देव बोकड झाला?

सुशिलाबाई : कोकरू म्हणतात, काका.

केशोराव : कोकरू का असेना! देव कापला गेला, अन् ज्यानं नवस बोलला तो?

रुख्मा : तो मोकळा.

केशोराव : हे काय व्यवहाराचं बोलणं आहे? उलटं आहे सारं. इंग्रज गेले, मले वाटलं तुमचा देवही गेला असंन त्यायच्या मागं. तो इथंच आहे, वरून काही घेतही नाही! अन् रुख्मे, मले सांग, तुया अंगचं दुखणं तसंच ठेवून तू माया पोरासाठी मागितलं? तुया वाट्याचं आमच्या घरी आलं का? रस्ताभर तेच माया डोक्यात होतं.

रुख्मा : मी काहीच नाही मागितलं. टेकचंद नावाचा पोरगा आहे हे मी आत्ता ऐकलं.

केशोराव : मंग कोणं केली त्याची प्रार्थना?

रुख्मा : तुम्हीच केली. भिंत धरून.

केशोराव : मी?

रुख्मा : हो. प्रार्थना म्हणजे काय वेगळं असते? असंच तोंडातून निघून जाते.

केशोराव : नर्सबाई, म्हणजे मी किरिस्ताव झालो का?

सुशिलाबाई : नाही हो काका, एवढ्यानं नाही होत.

केशोराव : नक्की? पहा हो. नाही तं घरी गेलो अन् बायकोनं, गीताबाईनं, चुलीजवळ येऊ नाही दिलं असं नको व्हायले.

रुख्मा : काकी कशी आहे?

केशोराव : आहे. गुडघे दुखते म्हणते. दुखलं का तुयं नाव घेते, हळूच. चाल, आता बोकडाचं काय ते सांग. गाडी चुकंन माही.

रुख्मा : काकाजी, तुम्ही दुकानात गिऱ्हाइकाले आधी वरचं पोतं दाखवता. खालचं कोणतं आहे?

केशोराव : खालचं कायचं?

रुख्मा : मरत्या पोरासाठी तुम्ही एका बोकडावर थांबणारे नाही. अजून काय बोलले?

केशोराव : काही नाही.

रुख्मा : तुम्ही माया डोळ्याकडं पाहून नाही राहिले. बोकडाकडं पाहून राहिले.

केशोराव : तो दोर चघळून राहिला ना, म्हणून. बरं, बोललो होतो अजून. पण मी म्हणलं, आधी बोकड देऊन पाहू. तेवढ्यावर देव समजून गेला तं...

रुख्मा : काय बोलले?

केशोराव : बोललो का, बोकड देतो, अन् रुख्माले घरी आणतो. माजघरात ठेवतो.

सुशिलाबाई : हिला न विचारता?

केशोराव : तेव्हा कुठं इचारू, नर्सबाई? पोरगा डोळे फिरवून राहिला होता!

सुशिलाबाई : रुख्मा, अगं, हसतेस काय?

रुख्मा : हसू नाही तं काय? एक बोकड, एक पुतणी! काकाजी, मलेही बांधाचं होतं त्या जामाले. दोघंही पाला खात बसलो असतो.

केशोराव : हसून नको राहू वो. माया जीव जाऊन राहिला.

सुशिलाबाई : आता रडतेयस का?

रुख्मा : दोन्ही होऊन राहिलं बाई. काकाजी, तुम्हाले वाटत असंन मी इथं बसून पाय मागत होती. पाय मागून झाले. लय मागितले. मंग म्हणलं, पाय राहू दे, घरचं कोणी येऊ दे. काकी येऊ दे, खेमराज येऊ दे, नाही तं शेजारची कोणी. फाटक वाजलं का मान वळवून पाहू मी. मान नाही वळली, तं बाईले इचारू, कोण आलं? रोज हेच मागत होती. मागच्या साली बंद केलं.

केशोराव : पण आलो ना मी! मी आलो ना!

रुख्मा : आले. कोणी ना कोणी येईन म्हणत होती, तं तुम्ही आले. बोकड घेऊन.

केशोराव : तं चाल मंग. तुयंही मागणं पुरं, माया नवसही पुरा. बैलगाडी सांगतो ठेसनापर्यंत.

रुख्मा : नाही.

केशोराव : नाही म्हणजे?

रुख्मा : नाही येत.

सुशिलाबाई : रुख्मा!

केशोराव : अवो, इतकी वर्सं मागितलं, अन् आता दारात उभा आहे तं नाही म्हणते? अन् पोराचं काय? नवस अर्धा राहिला अन् पोराले परत ताप चढला तं? रुख्मे, माया कोणता राग असंन तं मले काय म्हणाचं ते म्हण. पोरावर नको काढू. हे पहा, मी तुया पाया पडतो.

सुशिलाबाई : अहो काका! हे काय करता? वडील माणूस तुम्ही!

रुख्मा : उठा. काकाजी, उठा ना. मले उठवता येत नाही तुम्हाले.

केशोराव : तू हो म्हण, मंग उठतो.

रुख्मा : टेकचंद काय गहाण आहे का? आमचा देव वसुलीले येत नाही. येत असता तं माया दारी पहिले आला असता. मी काय दिलं त्याले? शिव्या दिल्या.

केशोराव : देवाले?

रुख्मा : रोज. या बाईले इचारा.

सुशिलाबाई : खरंय ते. सुरुवातीला हिच्यापुढं बायबल उघडायची भीती वाटायची आम्हाला.

केशोराव : मले समजत नाही. शिव्या दिल्या तं त्यानं काही केलं नाही. बंद केल्या तरी काही केलं नाही. पाय देत नाही, बोटं देत नाही. एवढा माल पडून आहे अन् उचल काहीच नाही! मंग तू त्याले सोडत काऊन नाही?

रुख्मा : उठून बसा, मंग सांगते. हं. घरी, गावात, इथंही, जो तो इचारे, कधी बरी होशील? एक जण तं म्हणे, एवढी प्रार्थना करते, तं चाल की. मंग बाईनं मले त्याचं वाचून दाखवलं. त्याले खिळ्यांनी ठोकलं होतं, काकाजी. हात हलत नव्हते, पाय हलत नव्हते. अन् खालून लोक म्हणत, एवढा देव आहे तं उतर खाली. मी म्हणलं, बाई, थांबा, हे परत वाचा. हे तं मायंच आहे.

केशोराव : अन् तो उतरला नाही?

रुख्मा : नाही. पाणी मागितलं त्यानं. म्हणे, मले तहान लागली.

केशोराव : देवानं मागितलं? तोंडानं?

रुख्मा : तोंडानं. ज्यायनं ठोकलं, त्यायच्यापाशीच. रात्री सांधे ठणकले का मी त्याले म्हणते, तुले माहीत आहे. तेवढंच. बाकीच्यायले समजवून सांगा लागते, त्याले नाही लागत. मंग सकाळ होते.

केशोराव : तेवढ्यावर तू इतकी वर्सं काढली?

रुख्मा : तेवढ्यावर.

सुशिलाबाई : तिनं नुसती वर्षं नाही काढली, काका. वॉर्डात नवी बाई आली, रडू आवरेना, की आम्ही तिची खाट हिच्या शेजारी लावतो. ही काय बोलते कोण जाणे. पण दोन दिवसांत ती जेवायला लागते.

रुख्मा : मी काही बोलत नाही. मी आधी तिले रडू देते. म्हणून सांगते काकाजी, माजघरात ठेवाले मी येत नाही. मले इथं काम आहे.

केशोराव : काम? तुले?

रुख्मा : पाहुणी म्हणून येईन. टेकचंदाले पाहाले. ओसरीत बसंन, सगळ्याच्या सामोर, मागच्या खोलीत नाही. चार दिवस राहून परत इथं येईन. पण नवसात नाही येणार. तुम्ही हा बोकड घेऊन जा. मंग एकदा रिकाम्या हातानं या अन् म्हणा, रुख्मे, चाल. येते मी.

केशोराव : म्हणजे दोन खेपा! अन् देव काही नाही म्हणणार? बोकड वापस नेला तरी?

रुख्मा : काही नाही म्हणणार.

केशोराव : नर्सबाई, हिनं मले पार बुडवलं. घेऊन आलेला माल वापस नेऊन राहिलो अशी ही पहिलीच बारी. चाल रे!

(केशोराव बोकड झाडापासून सोडवतो आणि त्याला घेऊन फाटकाबाहेर जातो. थोड्या वेळानं परत येतो. हातात दोर नाही.)

सुशिलाबाई : काय विसरलात, काका?

केशोराव : काही नाही. बोकड फाटकाले बांधला, बाहेरून. तो आता नवसाचा नाही. माया सोताचा बोकड आहे तो. अन् हे पहा, दोन्ही हात रिकामे.

सुशिलाबाई : दोनची गाडी चुकेल तुमची.

केशोराव : चुकू द्या. रुख्मे, चाल.

रुख्मा : इतक्या लौकर दुसरी खेप?

केशोराव : एका तिकिटात होते तं दोन काऊन काढू?

रुख्मा : अन् भीती? ते कुठं बांधली?

केशोराव : ते आहे थोडी. खोटं काऊन सांगू?

रुख्मा : थोडी चालते. पण उद्याची सकाळची प्रार्थना झाल्यावर निघू. आज कुठं झोपाल?

केशोराव : झोपंन इथंच, कुठंबी. बोकडाजवळ. रुख्मे...

रुख्मा : काय काकाजी?

केशोराव : मले तहान लागली आहे. सकाळपासून.

सुशिलाबाई : थांब रुख्मा, मी देते त्यांना.

केशोराव : नको नर्सबाई. तिले देऊ द्या.

रुख्मा : ओंजळ धरा. मनगटांत धरते, सांडंन थोडं. वेळ लागते मले.

केशोराव : ओत हळूहळू. मले घाई नाही.