बर्फाच्या घसरणीवर टाकलेल्या राखेबाबत

मी, श्यामकांत गजानन टिपणीस, वय एकोणतीस, धंदा यंत्रशास्त्रात संशोधन, मूळ राहणार ठाणे, हल्ली मुक्काम म्युनिक, फ्राउ रायटमायर यांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने, समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे. माझे जर्मन प्रयोगशाळेपुरते चालते, पोलीस ठाण्यात अडखळते. म्हणून अंमलदारसाहेबांनी मातृभाषेत लिहून द्यायला सांगितले. भाषांतर म्युनिकला होईल. निदान लिहिताना मला कोणी मध्येच तोडणार नाही.

आज रविवार, ता. ८ फेब्रुवारी १९५९ रोजी मी व माझी पत्नी वसुधा सकाळच्या गाडीने या गावी आलो. येथील घसरण फार जुनी आहे. पूर्वी डोंगरावरची लाकडे घसरगाड्यांवर लादून याच वाटेने खाली आणत. आता गावकरी रात्री तिच्यावर पाणी शिंपून बर्फ गोठवतात आणि वर्षातून एकदा घसरगाड्यांची शर्यत लावतात. वसुधा ऑक्टोबरात बोटीने आली. तेव्हापासून तिने शेगडी आणि फ्राउ रायटमायर एवढेच पाहिले आहे. आजचा दिवस तिच्या हौसेखातर होता, हे नमूद व्हावे.

आता राखेविषयी. म्युनिकला घरापुढच्या फुटपाथवर बर्फ धरला की लोक कामावर निघण्याआधी त्यावर राख टाकणे हे भाडेकरूंचे काम आहे. त्याच्या पाळ्या असतात. डिसेंबरात आमच्या पाळीला वसुधाने आधी चहा ठेवला आणि तेवढ्यात पोस्टमन दाराशी घसरून आडवा झाला. फ्राउ रायटमायर तिला भर रस्त्यात बोलल्या. वर येऊन ती मला म्हणाली, "अहो, त्यांचा एक शब्द कळला नाही, पण समजलं सगळं." तेव्हापासून बर्फ दिसला की ती राखेची बादली शोधते. ही शिस्त आम्ही ठाण्याहून आणलेली नाही. इथेच शिकवली गेली.

दुपारी आम्ही खालच्या वळणाशी, गरम पेयांच्या टपरीजवळ उभे होतो. तिथे एक वृद्ध बाई लोकरीचे हातमोजे घेऊन घसरण ओलांडू लागल्या. मधेच त्यांचा पाय सटकला आणि त्या जागच्या जागी थिजून उभ्या राहिल्या. वरून भोंगा वाजला. भोंगा म्हणजे गाडी सुटली, हे आम्हाला ठाऊक नव्हते. वसुधाने टपरीच्या शेगडीची राख भरलेली बादली उचलली आणि बाईंच्या पायांपासून पलीकडच्या कडेपर्यंत टाकली. नीट टाकली, फ्राउ रायटमायर यांनाही नाव ठेवता आले नसते. बाई पलीकडे गेल्या. मग गाडी आली, राखेवर अडली आणि स्वार हेर (म्हणजे श्रीयुत) लोख्नर बाजूच्या भिंतीवर आपटले. त्यांचा हात मोडला. त्याचे आम्हा दोघांना फार वाईट वाटते.

शर्यतवाल्या क्लबाचे म्हणणे, आम्हाला शेजारच्या गावाने शर्यत बिघडवायला पाठवले. त्या गावाचे नाव मी आज पहिल्यांदा ऐकले, तेही आरोपात. माझा राहण्याचा परवाना महिनाअखेर संपतो. खटला झाला तर नवा मिळणार नाही, असे अंमलदारसाहेबच म्हणाले. म्हणजे प्रबंध अर्धा टाकून परत जायचे. राख का टाकली, हे सांगून सांगून माझे तोंड दुखले. कोणी पडू नये म्हणून टाकली. त्यावर ते विचारतात, "कोण?"

त्या बाई हेर लोख्नर यांच्या आई. मुलगा खाली पोहोचला की त्याला हातमोजे द्यायचे म्हणून निघाल्या होत्या. तो आपटल्यावर "माझं पोर" म्हणून ओरडत धावल्या, तेव्हा आम्हाला कळले. शर्यतीच्या दिवशी ओलांडायला बंदी आहे. आपण आधीपासून पलीकडेच होतो, असे त्यांनी इथे सांगितले आहे. त्या एक वाक्य खरे बोलल्या तर आम्ही सुटतो. याचा मला संताप येतो. वसुधा मघाशी म्हणाली, "अहो, त्यांना रोज त्याच मुलासमोर बसून जेवायचंय. तेवढं नका लिहू." मी म्हटले, "आणि आपण कुठे जेवायचं?" ती म्हणाली, "कुठेही जेवू." आता बाहेरच्या बाकावर त्या बाई आणि वसुधा शेजारी बसल्या आहेत. वसुधाची शाल त्यांच्या अंगावर आहे.

ठाण्यात मराठी वाचणारे दुसरे कोणी नसल्याने हा जबाब वसुधाला आत बोलावून तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला. बाईंविषयीचा शेवटचा परिच्छेद तिने वाचला नाही. कागद माझ्यापुढे धरून उभी राहिली. म्हणून तो मी खोडला आहे आणि खोडल्या जागी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे व खरा आहे.

रेघ एकच मारली आहे. ठाण्याच्या पेनात शाई कमी आहे. रेघेखालचे वाचता येते.

श्या. ग. टिपणीस