घासून धुतलेला ड्रम

सावुसावूच्या बाजारात लितिया बसच्या रांगेत उभी होती. पुढे दोन वेल्डर बोलत होते. एकाचा हात पट्टीत होता.

"हातावर निभावलं म्हण, मेव्हण्या!"

"वेल्डिंग करताना ड्रमचं झाकण उडालं, छप्पर फोडून गेलं. वाकलेलो असतो तर?"

"ड्रम धुतला नव्हतास?"

"साबणानं घासला, उन्हात वाळवला. वाससुद्धा येत नव्हता."

"मग?"

"सांध्यात डिझेल मुरलेलं असतं रे. आच लागली की त्याची वाफ होते, आणि ठिणगी तर तिथंच."

"आणि तू मास्क, हातमोजे घालून नवरदेवासारखा बसलेला!"

"डोळे वाचले त्यानं. पण स्फोट थोडाच अडतो?"

लितियाने मध्येच विचारलं, "दादा, डिझेल नाही, नुसतं खोबरेल असेल तर?"

"तापल्यावर सगळं सारखंच, ताई. का हो?"

तिने घाईघाईने घरी फोन लावला. मुलीने उचलला.

"बाबा कुठेत?"

"शेडमध्ये. चर्चच्या जेवणाला चूल करताहेत. सकाळी तू घासून दिलास ना, त्याच खोबरेलाच्या ड्रमची."

"थांबव त्यांना!"

"हाका मारल्या तरी ऐकू जात नाही गं."

"आत जाऊ नकोस! घरातला मेन स्विच पाड! पळ!"

पावलं धावत गेली. फोनमध्ये वेल्डिंगची चरचर चालूच होती.