अंजिरांची ओटी

नाही, पण तुम्हीच सांगा, जून महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, कुणी शहाणा माणूस कुणाला शेतावर फळं तोडायला बोलावतो का? आणि बोलावतो ते बोलावतो, वर "आई-बाबांनाही घेऊन ये" म्हणतो? आता ह्याचा माणसानं अर्थ काय घ्यायचा? हे मी नाही विचारत बरं का, आमचा दत्तप्रसाद विचारतो, भेटेल त्याला, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, मंडळाच्या मीटिंगमध्ये गणपतीच्या हॉलचं बुकिंग चाललेलं असताना मध्येच... आणि तुम्हाला सांगतो, ऐकून ऐकून माझं डोकं फिरलंय, म्हणून म्हटलं जरा तुमचंही फिरवावं.

दत्तप्रसाद म्हणजे आमच्या अबू धाबीच्या खलिफा सिटीतला, मूळचा गुहागरकडचा, अंजनवेलचा. नोकरी प्रोक्युरमेंटमध्ये. आयुष्य गेलं कोटेशनं वाचण्यात, त्यामुळे समोरचा जे बोलतो ते सोडून त्याच्या पोटात काय आहे तेच शोधायची खोड लागलेली. तुम्ही त्याला गुड मॉर्निंग म्हणा, तो म्हणेल, ह्याला सुट्टी हवी असणार. बायको अनुराधा, आणि एकुलती एक मुलगी शुभ्रा, पंचवीस वर्षांची, दुबईत एका आर्किटेक्टकडे कामाला. तिच्यासाठी स्थळं बघायची म्हणून अनुराधेनं साइटवर नाव घातलेलं, आणि पोरगी प्रत्येक फोटोला एकच उत्तर देते, "नॉट नाऊ, आई." तर ह्या शुभ्राच्या ऑफिसात एक रोझारियो. इटलीच्या पायथ्याशी ते सिसिली बेट आहे ना, तिथला. बापाची, त्या साल्वातोरेची, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात आइस्क्रीमची फॅक्टरी, आणि हौस म्हणून रास अल खैमाकडे दिगदाग्याला भाड्यानं घेतलेलं शेत. रोझारियोनं शुभ्राकडे निरोप पाठवला, रविवारी सगळे या, सिसिलीहून आजी आलीये, फळं उतरवू, जेवू, मजा करू.

झालं! दत्तप्रसादचा चष्मा नाकावर आला. जूनमध्ये इथला माणूस तिकीट काढून देशाबाहेर पळतो, आणि ही ब्याऐंशी वर्षांची म्हातारी उलटी ह्या भट्टीत येते? कशाला येते? नातसून बघायलाच येत असणार ना? अनुराधा म्हणाली, उगाच काहीतरी. म्हणाली खरी, पण साडी मात्र कपाटाच्या वरच्या कप्प्यातली काढली, आणि शुभ्राला म्हणाली ओढणी घे हो, उन्हाला बरी. उन्हाला! वर नव्वद दिरहमचे पेढे घेतले, म्हणजे आपले दोन हजाराच्या वर गेले की हो.

पहाटे निघाले. आणि दत्तप्रसादनं ठरवून टाकलेलं की नकार द्यायचा. सभ्यपणे, पण ठाम. एकुलती एक पोर, ती उचलून समुद्रापलीकडे त्या बेटावर द्यायची, म्हणजे सणाला नाही, आजारपणाला नाही, आणि नातवंडांशी बोलायला दुभाषी ठेवायचा? अख्खा रस्ता स्टिअरिंगला घट्ट धरून मनातल्या मनात इंग्रजीत नकार घोकत होता, "वी आर व्हेरी ऑनर्ड, बट..." आणि त्या बटच्या पुढे गाडी काही जाईना. मागे शुभ्रा कानात इअरफोन घालून झोपलेली.

पोचले तर दारातच म्हातारी. काळा झगा, अंबाडा, आणि ही एवढीशी, पण नजर अशी की भाजीवाल्यानं घाबरावं. तिनं दत्तप्रसादला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि रोझारियोला काहीतरी म्हणाली. तो इंग्रजीत सांगतो, आजी विचारते, उंची किती तुमची? आता ह्याचा माणसानं अर्थ काय घ्यायचा? सांगितली. मग विचारते, गुडघे दुखतात का? चक्कर येते का? घराण्यात कुणाला दमा? शुभ्राला भाऊ आहे का? नाही म्हटल्यावर म्हातारीनं असा सुस्कारा सोडला, म्हणाली, भाऊ असता तर बरं झालं असतं. दत्तप्रसादनं अनुराधेला कोपरानं ढोसलं, म्हणजे बघ, घराणं तपासतायत! आमच्या आत्यानंसुद्धा मुलगी बघताना एवढं विचारलं नव्हतं.

मग हातात एकेक टोपली दिली, आणि यल्ला, चला! अंजिरं, लिंबं, आंबे, आणि एका बाजूला काय लावलेलं माहितीये? फड्या निवडुंग. आपल्याकडे गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाला लावतो तो! ह्या लोकांनी रांगा लावून, पाणी घालून, ठिबक सिंचन करून वाढवलेला. दत्तप्रसादला वाटलं आपली परीक्षा घेतायत, म्हणून ते लाल बोंड त्यानं सरळ मुठीत धरून उपटलं. उघड्या हातानं. त्याला बारीक कुसं असतात, दिसत नाहीत, नुसती जाणवतात. मोठ्यानं ओरडायची सोय नाही, वधूपिता ना! उभ्या उभ्या डोळ्यांतून पाणी. म्हातारीनं बघितलं, हाताला धरून सावलीत नेलं, तळहातावर ऑलिव्ह ऑइल चोळलं, आणि भुवया कोरायचा चिमटा घेऊन एकेक कूस काढत बसली. मध्येमध्ये फुंकर घालत होती, तोंडानं सिसिलीतलं काहीतरी पुटपुटत. दत्तप्रसाद मला म्हणाला, माझी आई गेल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता रे. तिथंच त्याचा नकार पहिल्यांदा हलला.

आणि मग ते घडलं. तिकडे अंजिराखाली शुभ्राची टोपली भरली. म्हातारी उठली, शुभ्राच्या ओढणीची दोन टोकं तिच्याच हातात दिली, खोळ केली, आणि त्यात घातली अंजिरं. पाच. मग एक आंबा. मग दोन लिंबं. मग झग्याच्या खिशातून मूठभर बदाम. आणि सगळ्याच्या वर, ऐका, हातातला चौकड्यांचा रुमाल घडी करून ठेवला आणि पोरीच्या दोन्ही गालांचा मुका घेतला.

अनुराधा पांढरीफटक! "अहो, ओटी भरली तिची. खणासकट."

आता खणासकट ओटी भरल्यावर आपल्याकडच्या बाईचं डोकं चालत नाही, हात चालतात. ती आपोआप म्हणून गेली, शुभ्रा, वाक, नमस्कार कर. शुभ्रानं डोळे फिरवले, पण वाकली. ती वाकल्याबरोबर म्हातारीनं तिला छातीशी धरलं आणि रडायलाच लागली, साल्वातोरे टाळ्या वाजवतोय, त्याची बायको टाळ्या वाजवतेय, आणि दत्तप्रसाद तिथं तेलकट हात वर धरून उभा, आता ह्याचा माणसानं अर्थ काय घ्यायचा? कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि अर्धं लग्न लागलंसुद्धा?

दहाच्या आत ऊन असं चढलं की सगळे आत, एसीत, लांबलचक टेबलावर. जेवण म्हणाल तर... भाताचे तळलेले गोळे आले, आपल्या बटाटेवड्याएवढे, ह्यानं चार खाल्ले, वाटलं झालं. मग वांग्याची आंबटगोड भाजी आली, पावाबरोबर ओरपली, वाटलं आता झालं. मग पास्ता, त्यात काय? तारली! तारली आणि मनुका. कोकणातला माणूस, तारली बघून गहिवरला आणि मनुका बघून गोंधळला. पानात टाकायचं नाही हे आपले संस्कार, आणि रिकामी बशी दिसली की भरायची हे त्यांचे, त्यामुळे तो संपवतोय, ती वाढतेय, तो संपवतोय, ती वाढतेय. खलास म्हणावं तर म्हातारी तोंड पाडते. शेजारी रोझारियो, स्वतःचं खाणं सोडून ह्याला निवडुंगाची बोंडं सोलून देतोय, कारण ह्याचा हात सुजलेला. गुणी पोरगा. ह्याच्या मनात आलं, कोण करतं हो हल्ली? आपली शुभ्रा ह्या घरात हसते, पोटभर जेवते, म्हातारी तिला जपेल. लांब तर लांब.

आणि तो उठला. खुर्ची मागे सारली. इंग्रजीत बोलला, पण बोलला तो असं. "आम्ही साधी माणसं आहोत. देश, धर्म, भाषा, आम्ही काही बघणार नाही. मुलगी सुखात असली की आम्ही सुखात. आमच्याकडून होकार आहे." एवढं बोलून डोळे पुसले. चुकीच्या हातानं, कुसांच्या.

रोझारियो आजीला भाषांतर करून सांगेना. साल्वातोरेनं त्याला विचारलं, होकार कशाला? मग रोझारियोनं हळूच फोन काढून फोटो दाखवला, सिसिलीतल्याच कतानियातली मुलगी, ऑक्टोबरात लग्न आहे त्याचं, पत्रिका छापायला गेल्यात. शुभ्रानं कपाळाला हात लावलेला. आणि मग सगळा खुलासा झाला. शेतावरची माणसं सुट्टीवर गावाला गेलेली, फळं दोन दिवसांत सडतात, म्हणून दर रविवारी हे एकेका कुटुंबाला बोलावतात. आदल्या रविवारी लेबनीज डेंटिस्ट सहकुटुंब येऊन गेला. उंची विचारली ती वरच्या फांदीसाठी. गुडघे आणि चक्कर शिडीसाठी. दमा धुळीसाठी. भाऊ असता तर आणखी एक टोपली भरली असती. आणि ओढणीत फळं का? तर टोपली भरली होती म्हणून, आणि रुमाल माश्या बसू नयेत म्हणून! म्हातारी रडली का, तर तिच्या सख्ख्या नातवंडांपैकी आजवर कुणी तिच्या पायाशी वाकलं नव्हतं म्हणून.

परतताना गाडीत मागे लिंबांची दोन पोती, आणि दत्तप्रसाद घुश्शात. कशाचा घुस्सा? तर काय कमी आहे आमच्या मुलीत? बघायला आले नव्हते म्हणजे काय? का नाही बघितली? नकार द्यायला गेलेला माणूस हा, आणि आता त्या कतानियाच्या मुलीच्या उंचीची चौकशी करतोय!

तेवढ्यात मागून शुभ्रानं इअरफोन काढले. "बाबा, डिड यू मीन इट? देश, धर्म, काही नाही बघणार?"

हा अजून तोऱ्यात. म्हणाला, मी बोललो म्हणजे बोललो, चार लोकांसमोर बोललोय.

"देन आय वॉन्ट यू टू मीट समवन."

हम्माद. शारजात असतो, मरीन इंजिनिअर. घरचे कुठले? दाभोळचे. आता दाभोळ म्हणजे कुठं, तर ह्याच्या गावावरून जरा पुढे गेलं, धोपाव्याला फेरीबोटीत बसलं की समोर. सिसिलीला होकार देऊन बसलेला माणूस, तुम्हाला सांगतो, खाडीपलीकडच्या पोराला आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? त्यानं अनुराधेकडे बघितलं. अनुराधा खिडकीबाहेर वाळू बघत होती. इथल्या चौदा वर्षांत तिनं एवढी वाळू बघितली नव्हती, म्हणजे हिला माहीत होतं, कधीपासून कोण जाणे. आणि आता ह्याचा माणसानं अर्थ काय घ्यायचा?

शारजा गेलं, दुबई गेली. त्याला राग आला होता, भीती वाटत होती, आणि पोरगी आरशात दिसत होती, खालचा ओठ दाताखाली धरून बसलेली, लहानपणी रिझल्टच्या दिवशी बसायची तशी. पार अबू धाबीची कमान दिसायला लागल्यावर त्यानं घसा खाकरला.

"कलमं किती आहेत त्यांची?"

"लॉट्स, बाबा. सगळा हापूस."

दत्तप्रसादनं सुजलेला तळहात उलटा करून बघितला, आणि म्हणाला, "आता जून संपत आला. उतरून झाले असतील ना आंबे?"

"येस, बाबा."

"मग जाऊ दाभोळला."