निवडलेले दाणे

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, शिक्षण रसायनशास्त्राची पदवी, धंदा नोकरी, बंदरावरच्या धान्य तपासणी प्रयोगशाळेत सहायक, राहणार गोदामांमागच्या वस्तीत, आईसह. मला पोलीस ठाण्यातून बोलावणे आलेले नाही. मी आपणहून हजर होऊन सांगते ती हकीकत अशी.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमविरुद्ध शेंगदाण्याच्या एका व्यापाऱ्याने, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, तक्रार दिली आहे. मॅडमनी त्यांच्या मालाचा आधी चांगला आणि नंतर खराब असा अहवाल दिला, आणि तो दुसऱ्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून फिरवला, असे तक्रारीत आहे. अहवाल फिरला हे खरे आहे. कारण खोटे आहे. खरे कारण मला माहीत आहे आणि मॅडम ते सांगणार नाहीत, म्हणून मी आले.

आमचे काम थोडक्यात सांगते. शेंगदाण्याला बुरशी लागली की त्यात विष तयार होते. ते सगळ्या मालात सारखे नसते. एका पोत्यातल्या मूठभर दाण्यांत असते आणि शेजारचे पोते स्वच्छ असते. म्हणून आमचा माणूस बऱ्याच पोत्यांतून थोडे थोडे दाणे काढून ते एकत्र करतो आणि पिशवी सीलबंद करतो. प्रयोगशाळेत त्या पिशवीचे दोन भाग होतात. एक भाग दळून तपासतो, दुसरा पुन्हा सील करून राखून ठेवतो. दळण्याच्या भागातला एकही दाणा काढायचा नसतो. काळा असो, सुरकुतलेला असो, तो तिथे राहिला पाहिजे.

पूर्वी इथून गेलेला माल परक्या बंदरांतून परत येत असे. मॅडम आल्यावर पाच वर्षांत तो येणे थांबले. त्यांनी नळ्या, काटे, कपाटांचे तापमान, सगळ्याला शिस्त लावली. व्यापारी त्यांना मागे काटाबाई म्हणतात. मॅडमना ते माहीत आहे. त्या म्हणतात, "काटा म्हणतात ना, वजन ठेवलं की झुकते असं म्हणत नाहीत, एवढं पुरे." आता पलीकडच्या बंदरांनी आमचा कागद कायमचा मान्य करावा, तिकडे पुन्हा पोती फोडू नयेत, यासाठी बाहेरचे परीक्षक येणार होते. ती मान्यता मिळाली तर इथल्या लहान व्यापाऱ्यांचाही माल थेट जाईल.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या परीक्षकांसाठी मॅडमच्या दालनात नेल्या होत्या. मी सकाळी डबा विसरले होते. दुपारच्या सुट्टीत आई तो घेऊन आली. तिला बसायला जागा नव्हती. मी तिला दळणाच्या खोलीतल्या स्टुलावर बसवले. हे नियमाविरुद्ध होते आणि मला ते ठाऊक होते. तेवढ्यात मॅडमनी हाक मारली म्हणून मी गेले. शेठच्या मालाचा दळायचा भाग टेबलावर ताटात पसरलेला होता.

माझी आई वीस वर्षे शेंगदाणे निवडते. तिच्यासमोर दाणे आणि रिकामे हात एकत्र राहू शकत नाहीत. मी परत आले तेव्हा ती हात पुसत होती. मी काही विचारले नाही. तिला दारापर्यंत सोडून आले, दळण केले, तपासणी केली. मालात विष आढळले नाही. मॅडमनी माझे आकडे तपासून सही केली.

त्या गडबडीत डबा न उघडताच परत आला; संध्याकाळी घरी तो धुताना त्याच्या वरच्या झाकणात काळे, आकसलेले दाणे सापडले. मी विचारल्यावर आई खुशीत म्हणाली, "उद्या तुमची परीक्षा आहे ना? एक किडका दाणा राहू दिला नाही मी."

मी म्हटले, "आई, किडका दाणा शोधणं हेच माझं काम आहे गं."

"मग शोधला की! मीच शोधला. तुझं काम वाचलं."

मी रडू लागले तेव्हा तिला समजले. आमच्या दोघींचे जेवण तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाणे कागदात बांधून मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि सर्व सांगितले. माझी नोकरी गेली असे समजूनच मी उभी होते. मॅडमनी विचारले, "राखीव भाग कोणाच्या हातात होता?" मी म्हटले, कोणाच्याच नाही, कपाटात सीलबंद आहे. त्या म्हणाल्या, "मग डोळे पूस. माल अजून धक्क्यावर आहे."

परीक्षक आले. त्यांनी अजून चहाही घेतला नव्हता. मॅडम उभ्या राहून म्हणाल्या, "काल मी सही केलेला एक अहवाल चुकीचा असू शकतो. तो आता तुमच्यासमोर पुन्हा तपासते." झाकून ठेवता आले असते. माल पुढच्या बंदरात पकडला गेला असता तरी वाटेत भिजला असे म्हणता आले असते. मी तिथे उभी होते. मॅडमनी सील स्वतः तोडले. पहिले दळण माझे होते, म्हणून हे दळण त्यांनी दुसऱ्या सहायकाला दिले. विष मर्यादेच्या बरेच वर निघाले. मॅडमनी आपला पहिला अहवाल स्वतः रद्द केला.

शेठ धावत आले. म्हणाले, "बाई, काल सोनं होतं, आज माती झाली? एका दिवसात?"

मॅडम म्हणाल्या, "माल कालचाच आहे, शेठ. चूक आमची झाली. पोती निवडून, नासकी वेगळी काढून आणा, मी रांगेत पहिली तपासते."

"चूक कोणाची ते सांगा!"

"प्रयोगशाळेची. प्रमुख मी आहे."

त्यापुढे त्या बोलल्या नाहीत. शेठना संशय आला तो इथूनच. मॅडम गप्प राहिल्या याचे कारण असे की माझी आई शेठच्याच गोदामात निवडायला जाते. तिचे नाव निघाले तर तिचे काम जाईल. मॅडमनी हे मला सांगितलेले नाही. परंतु त्यांनी त्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत घरचे लाकडी बाक आणून ठेवले आणि दळणाच्या खोलीला कडी बसवून घेतली. बाकावर पहिल्यांदा माझ्या आईला बसवून म्हणाल्या, "हे तुमच्यासाठी. इथून पुढे डबा इथेच." परीक्षकांचा निर्णय अजून आलेला नाही.

मॅडमवर तक्रार झाल्याचे मी आईला सांगितले. मी म्हटले, तुझे नाव न घेता काही करता येते का ते पाहते. आईने चप्पल घातली. म्हणाली, "एका दाण्यानं पोतं नासतं. चल."

कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणत्याही दडपणाखाली मी हे सांगत नाही. दाण्यांची पुडी मॅडमनी कपाटात जपून ठेवली आहे, ती पाहता येईल.

हा मजकूर इथे ठाण्यातल्या बाकावर बसलेल्या आईलाही ऐकू जाईल असा मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली. आईला वाचता येत नाही. हवालदार साहेबांनी तो तसा वाचला. त्यात एके ठिकाणी मी "आईकडून नकळत घडले" असे सांगितले होते. तिथे आईने हात वर करून थांबवले आणि म्हणाली, "नकळत नाही साहेब. चांगलं करते म्हणून बघून बघून निवडले. ते काढा." ते शब्द खोडले आहेत व त्यावर माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.

आईने तिचाही जबाब लगेच घ्यावा असे सांगितल्याने तो स्वतंत्र कागदावर सुरू झाला आहे. साहेबांनी पहिल्यांदा धंदा विचारला. आई म्हणाली, "शेठकडे दाणे निवडते. उद्याचं माहीत नाही. आज तसंच लिहा."