दानीएलाचा खोडवा

—आकारामाच्या पोरीला, हरणाला दाखवायचा फोटो म्हणता, मग तर मान सरळच ठेवा, पावणं. बोलू नका, ओठ हलत्यात. मी सांगतो, तुमी ऐका. त्या घरात सोयरीक करायची तर हे ठाऊक पायजे तुमाला. शपथ घेऊन सांगतो, अक्षर न् अक्षर खरं — मी समोर बसलो हुतो. म्हंजी, समोर न्हवतो, हितंच आष्ट्यात डार्करूममधी हुतो, पण बघितल्यापरीस ऐकलेलं पक्कं असतंय.

तर आकाराम मिलिटरीत. पासष्टच्या लढाईत पायाला गोळी लागली — बरं, गोळी न्हवं, ट्रकचं फाळकं पडलं, पण पाय तर मोडलाच की. इस्पितळात शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती हवालदार. त्यानं मराठी बायबल दिलं वाचाया. आकारामानं बाकी पानं भराभरा उलटली अन् अडकला कुठं? दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकात. काळ, दोन काळ आणि अर्धा काळ — मग जगाचा शेवट. हवालदारानं वर सांगून ठेवलेलं, भविष्यवाणीतला काळ आपल्या पंचांगानं मोजायचा नसतोय. झालं! घरी आल्यावर गडी खंडोबाचा भंडारा कपाळाला लावून रोज दानीएल वाचाया लागला. धर्म बदलला? छ्या. फक्त हिशेबापुरतं जायचं त्यांच्याकडं.

अन् हिशेब केला कसा? काळ म्हंजी काय, हे त्यानं उसाला इचारलं. एक काळ म्हंजी लागण, नव्यानं लावलेला दीड वर्साचा ऊस. दोन काळ म्हंजी दोन खोडवं — तोडल्या बुडख्यातनं परत फुटलेला ऊस, वर्सा-वर्साचा, दोनदा. अर्धा काळ म्हंजी तिसरा खोडवा, निम्मा वाढलेला. त्यो देव सोता तोडणार, कारखान्याच्या तोडणी-चिठ्ठीची वाट न बघता. मोजायचं कवापासनं? कोयनेचा भूकंप झाला, मांडणीवरची भांडी पडली, त्याच्या फुडच्या आखाडात लावलेल्या उसापासनं. बोट आलं बहात्तरच्या आखाडावर. म्हंजी ह्याच, चार महिन्यांवर आलेल्या.

हसू नका, फोटो हलंल. सांगलीच्या चर्चचं पाळकसाहेब सायकल मारत आलं समजूत घालाया. त्यांनी थोर विद्वानांचं तीन हिशेब मांडलं, तिन्ही एकमेकांशी भांडणारं. आकाराम म्हणाला, मग माझा चौथा. पाळकसाहेब सायकलला उसाची मोळी बांधून परत गेलं.

हितवर गंमत हुती. पण हरणाला स्थळं याया लागली अन् हा नकार देत सुटला. का? तर चार महिन्यांसाठी पोरगी परक्याच्या घरी कशाला धाडायची. शेवट यील तवा ती माझ्या डोळ्यांम्होरं पायजे. हे मातूर त्यो रडत म्हणाला, माझ्या ओसरीवर — आता माझ्याच ओसरीवर का? आवं, त्याची बायको बनुबाई माझी सख्खी भन. सांगायचं न्हवतं तुमाला. मामा हाय मी पोरीचा. मान वर, मान वर.

बनुबाईनं लय दिवस स्थळं परत जाताना बघितली. परवा नवरा-बायको उसाला पाणी पाजत हुती, तवा ती बोलली. म्हणाली, "आवं, ऊस तोडला म्हंजी संपला व्हय? बुडख्यातनं फुटवं येत्यात का न्हाई? तुमच्या देवानं खुशाल तोडावा. पण पोरीला घरात डांबून ठिवल्यावर मागनं फुटंल त्याला पाणी कुणी पाजायचं?"

आकाराम खोऱ्यावर हात टेकून उभाच. वाफा फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात गेलं, तरी ध्यान न्हाई. मग म्हणाला, "दानीएलानं पुढच्या खोडव्याचं काय लिव्हलं न्हाई खरं." खोऱ्यानं फुटका वाफा बांधला. "आखाडाच्या आदीची लग्नाची तिथी बघा."

म्हणून तर तुमी आज ह्या खुर्चीवर हायसा. अन् हरणा? तुमचं नाव निघालं तशी पदरात तोंड लपवून आत पळाली. म्हणाली, करीन तर हाच. व्हय, तुमीच! वा, काय तजेला आला तोंडावर — पण ह्या तोंडाचा फोटो न्हाई काढणार मी. भाचीला फसवू व्हय? आता ऐका. पाळकसाहेब खरं, खोडवा खरा, आकारामाचं रडणंबी खरं. हरणा पळाली, तेवढं मी पदरचं घातलं. तिच्या कानावर तुमचं नाव अजून पडल्यालंच न्हाई. फोटो बघून सांगणार हाय ती.

हां! आता कसं खरं तोंड आलं. हलू नका—

झालं. उठा, पावणं, भायेर गिऱ्हाईक खोळंबलंय.